एकाच वाटेवरच्या पाळ्या

सुरतेतल्या उधन्याच्या स्टेशनवर आई रडली नाही, आप्पा रडले. कापडाच्या लूमच्या खडखडाटात आयुष्य गेलेला माणूस, मोठ्यानेच बोलायची सवय. रडलेही मोठ्यानेच. "बँकनी परीक्षा सोडीसन कोनी वाघ मोजाले जास का?" असं सगळ्या फलाटाला ऐकवून त्यांनी कळण्याच्या भाकरींचा डबा खिडकीतून आत ढकलला. वाघ नाही हो, हिमबिबट्या, असं मी समजवायला गेले तर आणखीच रडले.

गल्लीतले तुम्ही सगळे फोनवर विचारता, तिथे हिमालयात एवढं काय आहे? खरं सांगू, स्पितीत नजर जाईल तिथवर उघडे डोंगर. झाड औषधालाही नाही, गवतही बेताचं. तेवढ्यावर भरल चरतात, म्हणजे राखाडी रंगाची रानमेंढरं. उभ्या कड्यांवर आयबेक्स, मोठ्या शिंगांचे रानबकरे. मोकळ्या उतारांवर लांडगे आणि कोल्हे, सगळ्यांच्या मागावर हिमबिबट्या, आणि यात भर म्हणून गावाची मेंढरं. मी वाटांवर कॅमेरे बांधते. समोरून कोणी गेलं की फोटो आपोआप निघतो. उधन्यात खिडकी उघडली की समोरच्यांचा कुकर दिसायचा. इथे खिडकीतून माणूस दिसला तर मी काम सोडून बघत बसते.

आप्पांची धास्ती काही जाईना. माझ्या काळजीने त्यांची झोप उडालीय, असं आईने एकदा हळूच सांगितलं. शेवटी त्यांनी जाहीर केलं, एकदा डोळ्यांनी बघतो, नाही पटलं तर पोरीला सोबत घेऊनच येतो. मीही मनाशी ठरवलं होतं, त्यांना नाही पटलं तर परत जायचं. बापाची झोप घालवून मला इथे राहवलं नसतं.

या उन्हाळ्यात ते आले. पहिल्याच सकाळी मी त्यांना घेऊन डोंगरावर गेले. समोर भरलांचा कळप चरत होता. मी बोट दाखवते तोवर आप्पांनी स्वेटरमधून स्टीलची थाळी काढली आणि चमच्याने बडवायला लागले. गावाकडे, शिरपूरजवळच्या आमच्या शेतात, रानडुकरं अशीच हाकलतात. घडीभरात उतार रिकामा. आप्पा एकदम खूश. माझं मात्र डोकंच फिरलं. "आप्पा, आपलं शेत नाही हे, त्यांचं घर आहे," मी ओरडले. ते बिचारे हिरमुसून खडकावर बसले.

मलाच कसंतरी झालं. मग शेजारी बसून त्यांना टॅबवर एकाच वाटेवरचे फोटो दाखवले. सकाळी भरल, दुपारी गावाची मेंढरं, संध्याकाळी कोल्हा. अंधार पडल्यावर हिमबिबट्या, वाटेतल्या खडकाला गाल घासताना. पहाटे लांडगा, तोच खडक हुंगताना.

"या एकमेकले भेटतसच नही का?"

"भेटतात की. तेव्हा एखादं मरतंही. पण होईल तेवढं टाळतात. वास ठेवतात, वेळ सांभाळतात."

आप्पा फोटो पुन्हा पुन्हा पुढे-मागे करत राहिले. मग मला कधीच न सांगितलेलं सांगितलं. सुरतेत नवीन आले तेव्हा बमरोलीच्या खोलीत दोघांत मिळून एक खाट होती. दिवसपाळीचा एक ओडिया माणूस, रातपाळीचे आप्पा. एकाने उठायचं, चादर झटकायची, दुसऱ्याने पडायचं. तोंड क्वचितच दिसायचं. पण उशीला त्याच्या तेलाचा वास यायचा आणि परक्या शहरात तेवढ्यानेही धीर वाटायचा.

"आठे बी पाळ्याच शेतस की," समोरच्या उताराकडे हात करून ते म्हणाले आणि स्वतःशीच हसले. खाली उतरून त्यांनी रेंज शोधली, आईला फोन लावला. "तिले आठेच ऱ्हाऊ दे," एवढंच बोलले. दुपारी माझ्या अंथरुणावर असे गाढ झोपले, की चहाला उठवायचं माझ्या जिवावर आलं. इतके महिने छातीवर ठेवलेला दगड उतरला माझा.

मला उधन्याची आठवण येते, येणारच. परवा कॅमेरे बघून परतले तोच आप्पांचा फोन आला. "घर पोचनी का?" सुरतेत बसून ते माझ्या या खोलीला घर म्हणत होते. "पोचले, आप्पा," मी म्हणाले.