लंगडी घोडी आणि आमच्या मावशी

माणसाचा जीव सहज कंठाशी आणण्याची विद्या अवगत असलेली एकच व्यक्ती मी अमेरिकेत पाहिली, ती म्हणजे माझ्या बायकोची सख्खी मावशी. मी मुळातच भित्रा. वर्क व्हिसावरच्या माणसाने जेवढं भ्यायला हवं तेवढं भितोच, वर थोडं स्वतःच्या हौसेनेही भितो. मागे पोलिसाची गाडी दिसली की स्पीड कमी करतो आणि मग फार हळू चालवतोय म्हणून धरतील, याचीही भीती वाटते. मावशी मात्र नेपरव्हिलच्या बर्फात साडीवर स्नो-बूट चढवून एकट्या फिरायला जायच्या आणि गाड्या हॉर्न वाजवत असताना रस्ता अशा ओलांडायच्या, जणू तो त्यांच्या माहेरच्या अंगणातून गेलाय. एकदा भर हायवेवर त्यांनी मला झपताल समजावला, तोही माझ्या स्टिअरिंगवर ठेका धरून. मी गाडी चालवत होतो.

नागपुरात त्यांनी आयुष्यभर व्हायोलिन शिकवलं. मुलाकडे नेपरव्हिलला राहायला आल्यावर लायब्ररीत फिडलच्या जुन्या चालींचं एक पुस्तक त्यांच्या हाती लागलं आणि घरातली शांतता संपली. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण खेड्यातल्या नाचाला साथ करणारं. त्यातल्या एका चालीने मावशींना झपाटलं. तिच्या इंग्रजी नावाचं त्यांनी परस्पर ‘लंगडी घोडी’ करून टाकलं. डोंगर उतरताना घोडीचा नाल निखळला आणि तिच्या चालीवरून स्वाराला ही चाल सुचली, अशी कथा. तो स्वार कुणी म्हणे आयरिश होता. कुणी म्हणे गुलामगिरीतला काळा वादक होता, ज्याचं नाव लिहून ठेवायची कुणाला गरजच वाटली नाही. मावशींचं मत दुसऱ्याला होतं. पण त्यांचं खरं भांडण होतं ते छापलेल्या नोटेशनशी. “ही तर धडधाकट चालतेय! इथे कुठेतरी एक मात्रा जास्त असणार, तिथे ती लंगडत असणार. छापणाऱ्यांनी पाय बरा केला तिचा, मेल्यांनी!” एक जुनं, खरखरणारं रेकॉर्डिंग त्यांनी मिळवलं होतं. आम्ही भेटायला गेलो की हेडफोन लावून त्या ते इतक्या मोठ्याने ऐकायच्या की मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. तरी खात्री होईना. ते वाजवणाऱ्याचा मुलगा केंटकीच्या डोंगरात राहतो आणि बापाकडून चाल शिकलाय, असं कळल्यावर मावशींनी बॅग भरली. त्यांच्या मुलाने मीटिंग असल्याचं सांगितलं. मला तेवढं पटकन सुचलं नाही.

दिवसभर ड्राइव्ह करून आम्ही शेवटच्या वळणावर पोचलो तेव्हा फोनची रेंज कधीच गेली होती. रस्ता एकाच गाडीपुरता, एका बाजूला दरी. फाटकावर पाटी होती, ‘आत येऊ नये’, आणि खाली बंदुकीचं चित्र. आत कुठेतरी कुत्रा भुंकत होता.

“मावशी, परत जाऊ या. मी फोन करून विचारतो आधी.”

मावशी फाटक उघडून चालू लागल्यासुद्धा.

पोर्चवर एक उंच, पांढऱ्या दाढीचा म्हातारा आला. त्याच्या हातात खरोखरची बंदूक होती. “तिथेच थांबा!” तो इंग्रजीत ओरडला. माझे हात आपोआप वर गेले. मावशी चालतच राहिल्या. तो पुन्हा ओरडला. “मावशी, थांबा!” मीही ओरडलो. त्यांनी मान वळवली नाही. कसा कोण जाणे, मी धावलो आणि त्यांचा दंड धरला. त्या दचकल्या.

“काय हो जावईबापू? काही म्हणाला का तो?”

इतकी वर्षं ज्याला मी त्यांचं धाडस समजत होतो, ते काय होतं हे त्या फाटकाच्या आत, बंदुकीसमोर उभं असताना मला कळलं.

माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्या हळूच म्हणाल्या, “दोन्ही कान चाललेत. अगदी जवळचं तेवढं ऐकू येतं. तुमच्या बायकोला सांगू नका. म्हणून तर घाई केली.”

मी म्हाताऱ्याला ओरडूनच सगळं सांगितलं: फिडल, त्याच्या वडिलांची चाल, मावशींचे कान. त्याने बंदूक आत ठेवली. “जमिनीसाठी लोक येतात, धमकावतात,” तो म्हणाला. “मीच घाबरलो होतो.” मग फिडल घेऊन तो खुर्चीत बसला आणि हनुवटीखाली न धरता त्याने ते छातीशी टेकवलं. मावशींनी मांडी घालून गाडीतून आणलेलं स्वतःचं व्हायोलिन पायाशी टेकवलं. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू समोरचा जेवायचं ताट उलटं धरून बसलाय.

तो वाजवू लागला तशा मावशी व्हायोलिन ठेवून उठल्या, त्याच्याजवळ गेल्या आणि “मे आय?” म्हणत त्यांनी फिडलच्या लाकडावर तळहात टेकवला. डोळे मिटून दुसऱ्या हाताच्या बोटाने त्या हवेत मात्रा मोजू लागल्या. मध्येच एका ठिकाणी ते बोट अडखळलं आणि त्या मोठ्याने हसल्या.

“लंगडली! पाहिलंत? लंगडली!”

तिथे एक मात्रा जास्त आहे का, असं मी म्हाताऱ्याला विचारलं. “कधी मोजली नाही,” तो म्हणाला. “बाबा सांगायचे, इथे ती ठेचकाळते. मीही ठेचकाळतो.”

मावशींनी ती चाल त्याला पुन्हा पुन्हा वाजवायला लावून सरगममध्ये कागदावर उतरवली. परतताना डोंगर उतरल्यावर त्या म्हणाल्या, “मला भीती वाटते हो.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. “कान जातील ते जातील. पण आज ऐकलेलं डोक्यात हळूहळू सरळ होत जाईल. मीही त्या छापणाऱ्यांसारखीच तिचा पाय बरा करून टाकीन.”

आता त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कानाचं मशीन लावलं की सूर फाटतात, म्हणून ते डबीतच असतं. शनिवारी आम्ही भेटायला जातो तेव्हा त्या दाराकडे पाठ करून खिडकीशी बसलेल्या असतात, मांडीवर तो सरगमचा कागद आणि त्यावरून फिरणारं बोट. हाक मारून उपयोग नसतो, आणि मागून खांद्याला हात लावला तर त्या फार घाबरतात. म्हणून मी सोफ्याला वळसा घालून त्यांच्या समोर जातो आणि त्या मान वर करेपर्यंत उभा राहतो.