नदीची मान

ओर्फेलिना तानान्ताचं स्वयंपाकघर नदीत गेलं तेव्हा चुलीवर मासे शिजत होते. पाणी उतरायला लागलं होतं. उकायाली नदीच्या काठची माणसं पाणी चढताना फारशी घाबरत नाहीत; घरं खांबांवर असतात, होडी दाराशी बांधलेली असते. भीती वाटते ती पाणी उतरताना. महिनोन्‌महिने भिजून जड झालेल्या काठाला पाण्याचाच टेकू असतो. तो टेकू खाली सरकला की काठ स्वतःच्या वजनानं कोसळतो. ओर्फेलिना युकाचे कंद सोलायला मागच्या अंगणात जाऊन बसली होती म्हणून वाचली. आधी कुत्रं केकाटत पळालं, मग जमिनीत बोटभर भेग दिसली, आणि बघता बघता चूल, भांडी, मासे आणि शेजारचं लिंबाचं झाड उभंच्या उभं खाली गेलं. पाण्यातून मोठा दबका आवाज आला. मग नदी पुन्हा होती तशी वाहू लागली.

घर मागं न्यायची तिची ही पहिली वेळ नव्हती. लहानपणी ती जिथं खेळली ते अंगण आता नदीच्या पार मधोमध होतं. गावातली जुनी शाळा, चर्च, आईची कबर, सगळं एकेक करून गेलं होतं. सांता रूफिना गाव नदीच्या मोठ्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला होतं. पाण्याचा सगळा रेटा तिथंच यायचा. इकडून जेवढं खाल्लं जायचं, तेवढंच समोरच्या काठावर वाळू होऊन साठायचं. समोर दर उन्हाळ्यात नवी जमीन उगवायची, आणि गावकरी होडीनं पलीकडं जाऊन त्यात केळी लावायचे.

तिचा नवरा सातुर्निनो सुल्का डोंगरातला. तारुण्यात रस्त्याच्या कामावर मजूर म्हणून खाली उतरला तो उतरलाच. याच नदीचं पाणी त्याच्या गावाजवळून जायचं. तिथं ती एवढीशी होती, कोरड्या दिवसांत पोरं तिच्यावरून उडी मारायची. पण त्या एवढ्याशा पाण्यानं डोंगर असा उभा चिरला होता की दरीच्या तळाला ऊन फक्त दुपारीच पोचायचं. पूर आला की दगड एकमेकांवर आपटत खाली जायचे आणि त्यांचा गडगडाट घरात ऐकू यायचा. इथं मात्र मिरची वाटायला साधा दगड मिळत नाही, शहरातून आणावा लागतो, याचं त्याला पहिली कित्येक वर्षं नवल वाटे.

ओर्फेलिनाचा धाकटा भाऊ विल्दोर याच्या उलट. तो तरुणपणी तराफ्यांवर लाकूड घेऊन पार नदीच्या मुखापर्यंत जाऊन आला होता. तिथं म्हणे पलीकडचा काठ दिसतच नाही आणि समुद्रही लांबवर मातकट असतो. आता त्याची स्वतःची छपराची मोटरहोडी होती. वरच्या शहरातून माणसं आणि माल आणायचा, गावातली केळी आणि सुके मासे न्यायचे, हा त्याचा धंदा. स्वयंपाकघर गेल्याचं कळल्यावर तो लगेच आला, दिवसभर खांब उपसून मागं न्यायला मदत केली, आणि संध्याकाळी आंबवलेल्या युकाच्या मासातोचा वाडगा हातात घेऊन म्हणाला, "ताई, तुझी चूल आता निघाली समुद्राकडं. तिकडं नवं बेट उगवलं तर त्याला तुझंच नाव द्यायला सांगतो."

सगळे हसले. ओर्फेलिनाला हसू आलं नाही.

त्याच कोरड्या ऋतूत खालच्या सान एलियास गावची माणसं प्रस्ताव घेऊन आली. नदी सांता रूफिनापाशी मोठा फेरा घालून पुन्हा जवळजवळ त्याच जागी यायची. फेऱ्याच्या तोंडाशी दोन प्रवाहांच्या मध्ये जमिनीची अरुंद पट्टी उरली होती. तिला सगळे मान म्हणायचे. दोन्ही बाजूंनी पाणी तिला खातच होतं. एका अंगाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या अंगाला ऐकू जायची. सान एलियासवाल्यांचं म्हणणं, इथं चर खणला तर पुराचं पाणी बाकीचं काम स्वतः करील, आणि शहरात जाताना अर्ध्या दिवसाचा फेरा वाचेल. पण मानेवर सांता रूफिनाच्या लोकांच्या केळीच्या बागा होत्या, म्हणून संमती हवी होती.

बैठक शाळेच्या छपराखाली भरली. गावचे प्रमुख नेमेसियो आहुआनारी, म्हातारे गृहस्थ, डोळ्यांत मोतीबिंदू, सगळ्यांचं ऐकून घेत होते. सगळ्यांत आधी विल्दोर उठला. त्यानं शांतपणे सांगितलं की मान तुटली की नदी सरळ जाईल, हा फेरा तळं होऊन पडेल, दोन्ही तोंडं गाळानं बुजतील. मग होडी येणार कुठून? आजारी माणसाला नेणार कसं? केळी विकणार कुणाला? त्याचं बोलणं बहुतेकांना पटत होतं.

मग ओर्फेलिना उठली. ती बैठकीत कधी बोलत नसे. ती एवढंच म्हणाली, की तळं झालं तर निदान काठ तरी कोसळणार नाही. तिला आता घर मागं न्यायचं नव्हतं. मागं दलदल होती. आणखी एकदा न्यायचं म्हटलं तर जागाच उरली नव्हती.

विल्दोर तिच्याकडं वळला. "माझ्या पोटावर पाय देतेस, ताई?"

"तुझं पोट होडीत आहे, विल्दोर. माझं घर काठावर आहे."

बायका तिच्या बाजूनं झाल्या, कारण अंगणातल्या भेगा रोज त्याच मोजत होत्या. नेमेसियोआजोबांनी अखेर संमती दिली. सातुर्निनोनं मात्र एक अट घातली. चर खणा, पण वरच्या प्रवाहाकडचा शेवटचा बांध फोडू नका; गावातली प्रत्येक होडी घरी आल्याची खात्री झाली की मगच तो फोडायचा. खालचे लोक हसले. डोंगऱ्याला चिमूटभर पाण्याचीही भीती, असं कुणीतरी म्हणालं. पण अट मान्य झाली. खणायला दोन्ही गावं आली. भावाच्या डोळ्यांदेखत ओर्फेलिनानं फावडं उचललं. विल्दोर त्या दिवसापासून तिच्या घरी जेवायला यायचा थांबला.

त्या वर्षी पाणी लवकर आलं. एका सकाळी सातुर्निनो काठावर तोंड धुवायला गेला आणि तसाच उभा राहिला. पाण्याचा रंग विटेसारखा झाला होता. वर डोंगरात मोठा पाऊस झालाय, तो म्हणाला; पाणी मोजायला रोवलेल्या काठीकडं बघितलं तर तो उभा होता तेवढ्यात पाणी दोन बोटं वर सरकलेलं. कुणी फोडो न फोडो, बांध आज राहणार नव्हता. आणि विल्दोर आज शहरातून परत यायचा होता. होडीत नेमेसियोआजोबा होते, डोळे दाखवायला गेलेले, आणि गावातल्या आणखी काही बाया.

ओर्फेलिनानं चूल तशीच सोडली. दोघांनी होडी घेतली, पलीकडच्या वाळूला लागले आणि मानेच्या दिशेनं पळत सुटले. केळीच्या बागेतून वाट चिखलाची होती. ती दोनदा पडली. मानेशी पोचायच्या आधीच आवाज ऐकू आला. सातुर्निनोचा चेहरा उतरला. असा आवाज त्यानं खाली आल्यापासून ऐकला नव्हता.

बांध गेला होता. चराच्या जागी पाण्याचा पट्टा धावत होता आणि दोन्ही कडा पावाच्या तुकड्यांसारख्या आत पडत होत्या. केळीची झाडं, मग सेतिकोची उंच झाडं, मुळं वर करून त्यात कोसळत होती आणि क्षणात नाहीशी होत होती. नदीचं वरचं पात्र, जे इतकी वर्षं डावीकडं वळायचं, आता तिथंच तिरकं होऊन आत घुसत होतं. लांबून बघणाऱ्याला मात्र ते कळलं नसतं. वरच्या अंगानं पाणी गुळगुळीत दिसत होतं.

आणि वरच्या वळणावर विल्दोरच्या होडीचं निळं छप्पर दिसलं.

ओर्फेलिना काठाच्या टोकापर्यंत गेली. डोक्याला बांधलेलं लाल कापड सोडून ते दोन्ही हातांनी हलवू लागली. लांब राहा, पलीकडच्या काठानं जा, असं ती ओरडत होती, पण पाण्याच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. सातुर्निनो तिला मागं ओढत होता, पायाखालची जमीन हलत होती. विल्दोरनं तिला पाहिलं. त्यानं हात वर केला. बहीण भल्या सकाळी मानेवर उभी राहून लाल कापड हलवतेय म्हणजे घरात काहीतरी विपरीत घडलंय, आपल्याला बोलावतेय, असंच त्याला वाटलं. त्यानं होडीचं तोंड तिच्याकडं वळवलं.

तिनं कापड खाली टाकलं. आता हात हलवावा की नाही हेही तिला कळेना.

ओढ लागली तेव्हा विल्दोरच्या ध्यानात आलं, पण उशीर झाला होता. त्यानं मोटर पूर्ण वेगात सोडली, तरी होडी आडवी होऊन सरकत राहिली. मग त्यानं जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. त्यानं झगडणं सोडलं, होडीचं टोक सरळ चराकडं केलं आणि पाण्यापेक्षा जास्त वेगानं आत शिरला, कारण वेग असला तरच सुकाणू ऐकतं. ओर्फेलिनासमोरून होडी गेली तेव्हा बाया तळाशी डोकं घालून बसल्या होत्या आणि नेमेसियोआजोबा ताठ बसून समोर बघत होते. त्यांना बहुधा काही दिसतच नव्हतं. मधोमध एक झाड आडवं कोसळत होतं. होडी त्याच्या फांद्यांखालून निघाली, छप्पर तिथंच राहिलं.

दोघं काठाकाठानं पळाले. खालच्या तोंडाशी पाणी उसळून भोवरे होत होते. होडी तिथवर शाबूत पोचली आणि तिथं एका बुंध्यावर आदळली. बाजू फाटली. सान एलियासची माणसं आवाज ऐकून आपल्या लहान मोटरच्या पेके-पेके होड्या घेऊन आधीच आली होती. त्यांनी बायांना केसांना, हाताला, मिळेल त्याला धरून ओढून घेतलं. नेमेसियोआजोबा एका तेलाच्या डब्याला मिठी मारून वाळूला लागले. विल्दोर सगळ्यांत शेवटी निघाला. त्याचा डावा पाय होडी आणि बुंध्याच्या मध्ये चिरडला होता.

कुणी दगावलं नाही. त्याला वाळूवर ठेवलं होतं तिथं ओर्फेलिना पोचली, गुडघ्यावर बसली, त्याचं डोकं मांडीवर घ्यायला गेली. त्यानं तोंड फिरवलं.

"तू बोलावलंस म्हणून वळलो," तो म्हणाला.

तिला सांगायचं होतं की मी बोलावत नव्हते. पण त्याचा पाय समोर होता; ती पायाचं रक्त पुसू लागली. सातुर्निनोनं सांगायचा प्रयत्न केला तेव्हा विल्दोरनं डोळे मिटून घेतले.

पाणी ओसरेपर्यंत मान राहिली नव्हती. नदी सरळ जात होती, जणू कधी वळलीच नव्हती. सांता रूफिनापुढचं पाणी आधी मंद झालं, मग थांबलं. दोन्ही तोंडांशी गाळ साठला, त्यावर वेत उगवला. काही वर्षांत तिथं कोयत्याच्या आकाराचं तळं उरलं, पाणी काळंशार आणि नितळ. काठ कोसळायचा थांबला. विल्दोर म्हणाला होता तेही सगळं खरं ठरलं. होड्या येईनाशा झाल्या. केळी डोक्यावर घेऊन जुन्या वळणाच्या पोटातून चालत नव्या पात्रापर्यंत जावं लागे, आणि निम्मं गाव तिकडंच राहायला गेलं. विल्दोरही गेला. पाय वाकडा बसला होता. पुन्हा होडी घेणं झालं नाही, दुसऱ्यांच्या मोटरी दुरुस्त करत असे.

ओर्फेलिना राहिली. तिनं चूल पक्की मातीची बांधली. तळ्यात मोठे मासे सापडू लागले, सातुर्निनोनं जाळं विणायला शिकून घेतलं. पण पहिले दोन पावसाळे ती पाणी उतरायला लागलं की रात्री मध्येच उठून अंगण बघून यायची. तिथं भेग नसायची. ती तशीच बसून राहायची, आणि लाल कापड हलवताना दिसलेला विल्दोरचा तो वर झालेला हात तिला आठवायचा.

नदी सरळ फार काळ राहत नाही. नव्या पात्रानंही एका अंगाला झुकायला सुरुवात केली आणि नदी नेमका नव्या वस्तीकडचा काठ खाऊ लागली. एका दुपारी विल्दोर लंगडत तळ्याच्या काठानं आला. मागं त्याची बायको आणि डोक्यावर सामान. त्याचं घर गेलं नव्हतं अजून, पण भेग दाराशी आली होती.

ओर्फेलिनानं त्यांना बसवलं, भाजलेला मासा आणि युका वाढली. आपल्या घराशेजारची उंचवट्याची जागा तिनं दाखवली. विल्दोरनं ती पायानं दाबून पाहिली, चांगली आहे म्हणाला, आणि घर मात्र तळ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलं, तिच्या दारातून दिसणार नाही असं. खांब रोवायला सातुर्निनो गेला, दोन दिवसांनी तीही गेली, आणि छपराची पानं खालून एकेक वर देत राहिली. वर बसलेला विल्दोर हात पुढं करायचा, पान घ्यायचा.

"त्या दिवशी मी तुला लांब जायला सांगत होते," शेवटी ती म्हणाली.

तो पान बांधत राहिला. गाठ आवळून झाल्यावर म्हणाला, "ठाऊक आहे, ताई. वाळूवर पडलो होतो तेव्हाच ठाऊक होतं." आणि पुढच्या पानासाठी हात खाली केला.