मॉपच्या मागचा डबा

गुरुनाथ जिवंत होता तोवर मला तो आवडत नव्हता.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं. सकाळपासून स्टाफच्या ग्रुपवर त्याचे फोटो येतायत. प्रत्येक फोटोत तो मधोमध. मी कडेला. एका फोटोत तर माझा नुसता खांदा आहे.

म्हणून वाटलं, आपणही लिहावं. तीनदा लिहून खोडलंय.

शहापूरच्या सुपरमार्केटमध्ये आम्ही दोघं एकाच दिवशी लागलो. तो डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावरचा, मी वाशिंदचा. तो बारावी पास, मी अकरावीत शाळा सोडलेली.
टी-शर्ट सारखा, पगार सारखा.

तरी गिऱ्हाईक आत आलं की माझ्यासमोर उभं राहून मलाच विचारायचं, "तो दुसरा कुठाय, हसरा?"

माझं काम चोख होतं. हे मीच सांगतो, कारण दुसऱ्या कोणी कधी सांगितलं नाही.

सगळ्या डब्यांची लेबलं पुढे, एका रेषेत. जुन्या तारखेचा माल पुढे, नव्या तारखेचा मागे. ऑफरचे बोर्ड मी हाताने लिहायचो. एक वेलांटी चुकायची नाही.

आणि हा यायचा, कुठल्यातरी म्हातारीसाठी पार मागे हात घालून ताजं पाकीट काढायचा. माझी अख्खी रांग आडवी.

"अरे, आत्ताच लावली होती मी."

"मग परत लाव ना. रांग मोडलीच नाय, तर आपला पगार कुठून येल रे?"

सगळे हसायचे. बिलिंगवरची मनीषा जरा जास्तच.

ते वाक्य मी घरी आरशासमोर म्हणून बघितलं होतं. माझ्या तोंडून ते भांडण काढल्यासारखं वाटलं.

मग एकदा मॅनेजरसाहेब म्हणाले, महिनाअखेरीस तुम्हा दोघांतला एक जण सेक्शन इनचार्ज होणार.

मला ते हवं होतं. फार हवं होतं. वडिलांना सांगण्यासारखं माझ्याकडे तोवर काहीच नव्हतं.

त्याच आठवड्यात, फरशी पुसायचे मॉप टांगतो त्या रॅकच्या मागे, मला बाळाच्या दूध पावडरचा डबा सापडला. दुकानातला शेवटचा.

कोणी ठेवला ते मला माहीत होतं. कोणासाठी, तेही.

हिराबाई म्हणून एक आजी त्याच्या गावाकडून एसटीने यायच्या. सुनेला दूध येत नव्हतं. नातीला तेवढी एकच पावडर पचायची, आणि आमच्याकडे ती कधी यायची, कधी नाही. म्हणून गुरुनाथ त्यांच्यासाठी एक डबा बाजूला लपवून ठेवायचा.

नियम असा की माल आपल्या जागेवरच पाहिजे.

मी डबा उचलला. पुसला. शेल्फवर लेबल पुढे करून ठेवला.
नियम पाळताना एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

तासाभरात तो विकला गेला. दुपारी हिराबाई आल्या.

गुरुनाथने मॉपच्या मागे हात घातला आणि तसाच उभा राहिला. मग माझ्याकडे वळला.

"तू उचललास?"

"जागेवर ठेवला. नियम आहे."

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो नुसता हिराबाईंकडे गेला.

"आजी, तुमी जावा घरी, गाडी चुकल. मी बघतो."

आणि साहेबांना सांगून त्याने हाफ डे टाकला. कशासाठी, ते मी विचारलं नाही. मनात म्हटलं, बरं झालं.

महिनाअखेरीस मी इनचार्ज झालो.

साहेब म्हणाले, "काम दोघांचं चांगलं आहे. पण तुझी हजेरी पूर्ण आहे, त्याचा एक हाफ डे पडलाय."

गुरुनाथने सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. "इनचार्जसाहेब, आता चहा तुमच्याकडून!"

त्याच्या आवाजात मी खोट शोधत होतो. सापडली नाही. त्याचाही राग आला.

चहा मी पाजला नाही.

पुढे तीन महिन्यांनी तो काविळीने गेला.

त्याच्या पाड्यावर गेलो तर अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. खरं लिहितो, तिथेही मी माणसं बघत होतो आणि माझ्या वेळी किती येतील याचा अंदाज बांधत होतो.

हिराबाई नातीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. दुकानातला म्हणून त्यांनी मला ओळखलं.

"त्या दिशी मुरबाडला गेलता रे तो, मोटारसायकलवर. तिथं गावला डबा. दिवस मावळायच्या आत घरी आणून दिला. म्हणला, चूक झाली आजी माझ्याकडून, ठेवायचा राहिला."

माझ्याकडून.

तो हाफ डे तिथे गेला होता. मी इनचार्ज झालो तो त्या हाफ डेवर. स्टाफमध्ये हे आजपर्यंत कोणाला माहीत नव्हतं.

गुरुनाथ, तू त्यांना माझं नाव सांगायला पाहिजे होतंस. निदान तेवढ्यापुरता तू माझ्यासारखा झाला असतास.

हिराबाईंची नात आता भात खाते. पण मॉपच्या मागे डबा असतो. मी ठेवतो. ऑडिट असलं की त्याच्यापुढे आणखी एक मॉप टांगतो. दिवसातून चारदा जाऊन बघतो, आहे ना.

गेल्या आठवड्यात उंबरमाळीकडच्या एक मावशी आल्या, त्यांच्या नातवासाठी. मी डबा काढून हातात दिला. त्यांनी तो पिशवीत घातला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"तो आधीचा पोऱ्या पण असाच काढून द्यायचा," त्या म्हणाल्या. "तो हसायचा पण."

मी हसून बघितलं.
मावशी घाईघाईने बिलिंगकडे गेल्या.

तुझ्यावर अजूनही जळणाऱ्या माणसाची श्रद्धांजली घे, गुरुनाथ.

तो चहा राहिला.