कंपनीतलं डोहाळजेवण

कॅन्टीनमध्ये फुलांनी सजवलेली खुर्ची मांडून झाली होती. ताटात हिरवी साडी होती, हिरव्या बांगड्या होत्या. दोन वाट्यांखाली पेढा आणि बर्फी झाकून ठेवली होती. मालकांच्या पत्नी, ज्यांना सगळी कंपनी वहिनी म्हणते, ओटीचं सामान घेऊन उभ्या होत्या. फक्त जिचं डोहाळजेवण होतं, ती शुभांगी खुर्चीत बसायला तयार नव्हती.

"अगं बस ना, सगळ्या खोळंबल्यात," वहिनी म्हणाल्या.

"नको वहिनी. मी उभीच बरी आहे."

"पाठ दुखतेय का? उशी आणू?"

"पाठ एकदम ठीक आहे. मला या खुर्चीत बसायचंच नाहीये."

वहिनींचा चेहरा उतरला. मॅनेजर सावंत पुटपुटले, "हिचं ना, नेहमी काहीतरी वेगळंच असतं." मी मागच्या टेबलावर चहा पीत होते. खरं तर मी जेवणाच्या आशेने थांबले होते, कारण वहिनींच्या हाताचा मसालेभात एमआयडीसीत प्रसिद्ध आहे. पण शुभांगीचा चेहरा बघितला आणि माझी भूक मेली. ती रुसलेली नव्हती. घाबरलेली होती.

मी कोण ते सांगते. मी कामगार कायद्याची सल्लागार आहे. म्हणजे डोंबिवली एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांमध्ये पीएफ, रजा, हजेरी, पगार हे सगळं कायद्यात बसतंय की नाही, ते बघणारी बाई. पूर्णवेळ एचआर ठेवणं ज्यांना झेपत नाही, ते मला बोलावतात. कामगार मला 'पीएफवाल्या मॅडम' म्हणतात आणि पीएफ सोडून बाकी सगळं विचारतात. ही कंपनी माझ्याकडे नुकतीच आलेली. आधीचे सल्लागार मुलाकडे पुण्याला गेले, म्हणून.

कंपनी प्रेशर गेज बनवते. बॉयलरवर किंवा गॅसच्या पाइपवर घड्याळासारखी गोल तबकडी असते, आत काटा असतो, तो दाब दाखवतो. तेच गेज. काटा खरं बोलतोय की नाही हे तपासायला नवं गेज एका खात्रीच्या गेजशेजारी, म्हणजे मास्टर गेजशेजारी, लावतात आणि दोन्ही काटे जुळवतात. या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात. बसून करायचं काम आहे, पण नजर लागते आणि हात थरथरून चालत नाही. शुभांगी गायकवाड या सेक्शनची सगळ्यात पक्की कामगार. तिचे साहेब गुप्ते काका पुढच्या महिन्यात रिटायर होणार होते आणि त्यांच्या जागी सेक्शन इन्चार्ज म्हणून शुभांगीच येणार, असं सगळे धरून चालले होते. म्हणजे ती गरोदर असल्याचं कळेपर्यंत.

मी तिला हाताला धरून स्टोअररूममध्ये नेलं. तिथे खोक्यांवर आम्ही दोघी बसलो.

"काय झालं ग? वहिनींनी एवढं हौसेने केलंय."

"मॅडम, हौस आहे म्हणूनच तर भीती वाटते," ती म्हणाली. "तुम्ही नवीन आहात. तुम्हाला माहीत नाही. त्या खुर्चीत बसलेली एकपण बाई परत आलेली नाही."

मला आधी नीट कळलंच नाही. मग तिने सांगितलं.

पद्धत अशी होती. सातवा महिना लागला की वहिनी स्वतः डोहाळजेवण करायच्या. साडी, ओटी, फोटो, जेवण. संध्याकाळी मालकांची, म्हणजे पाटणकर साहेबांची, गाडी त्या बाईला घरी सोडायला जायची. आणि गाडीत बसताना साहेब प्रेमाने सांगायचे, "आता उद्यापासून आराम. कामाचं टेन्शन घ्यायचं नाही." दोनचार दिवसांनी सावंतांचा फोन जायचा की एक साधा राजीनामा लिहून दे, नुसती फॉर्म्यालिटी आहे, बाळ मोठं झालं की ये परत, दार उघडंच आहे. बाई बिचारी सही करून द्यायची. बाळ मोठं झाल्यावर ती फोन करायची, तेव्हा तिच्या टेबलावर दुसरं कोणीतरी बसलेलं असायचं.

"माझ्या शेजारी रेश्मा बसायची," शुभांगी म्हणाली. "खडवलीची. काटा बसवण्यात तिच्यासारखा हात अजून कोणाचा नाही. तिला पण अशीच साडी दिली. ती फोन करून करून थकली. आता घरी पापड लाटते."

"आणि तुला काय वाटतं, तुझंही तसंच होणार?"

"सावंत सर कळव्याच्या एका डिप्लोमावाल्या मुलाशी बोललेत. इन्चार्जच्या जागेसाठी. मी स्वतः ऐकलंय." तिने डोळे पुसले आणि मग एकदम रागाने म्हणाली, "मॅडम, मला आराम नकोय. मला आठवा संपेपर्यंत काम जमतंय, डॉक्टर पण हो म्हणालेत. माझं काम बसून आहे. मी आजारी नाहीये ओ, मला बाळ होणार आहे."

मला तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. भर कॅन्टीनमध्ये, मालकिणीसमोर, एकटी उभी राहिली होती पोरगी. आणि तितकाच सावंतांचा राग आला. तुम्हाला सांगते, या धंद्यात मी बरेच खडूस मालक बघितले. खडूस माणूस सोपा असतो. तो सरळ म्हणतो, बाई पोटुशी आहे, काढून टाका. त्याला कायदा दाखवला की संपलं. इथे अडचण वेगळी होती. इथे बाईला ओवाळून काढत होते.

मी पाटणकर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सावंत आधीच तिथे होते आणि शुभांगीची तक्रार चालू होती.

"मॅडम, तुम्हीच सांगा," साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "कुठली कंपनी डोहाळजेवण करते? माझी बायको दोन दिवस राबते. आणि ही मुलगी असा अपमान करते?"

"साहेब, पुढे काय करणार आहात तिचं?"

"काय करणार म्हणजे? आराम करू दे. अशा अवस्थेत कोणाला कामाला जुंपायचं का? उद्या काही झालं तर पाप माझ्या माथी."

"आणि इन्चार्जची जागा?"

सावंत मध्येच म्हणाले, "प्रॅक्टिकल बोला ना मॅडम. चार महिन्यांनी कस्टमरचं ऑडिट आहे. इन्चार्ज तेव्हा बाळाला घेऊन घरी. मग उत्तरं कोण देणार, मी?"

मी बॅग खाली ठेवली. "आधी कायदा सांगते, मग प्रॅक्टिकल. बाई गरोदर आहे म्हणून तिला कामावरून काढता येत नाही. पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवडे पगारी रजा आहे. ती कधी सुरू करायची ते बरंचसं ती आणि तिचे डॉक्टर ठरवणार. आपण नाही. आणि फोन करून मागून घेतलेला राजीनामा हा राजीनामा नसतो. उद्या एखादी बाई लेबर ऑफिसला गेली तर तुम्हाला जड जाईल."

"मी कोणाला काढलं नाही!" साहेब जवळजवळ ओरडलेच. "त्या आपणहून गेल्या. मी साड्या दिल्या. माझी गाडी दिली घरी सोडायला. प्रत्येकीला!"

"हो, दिलीत. सोडायला गाडी दिलीत. साहेब, आणायला कधी पाठवलीत?"

मी थोडी घाबरले. असं बोलल्यावर क्लायंट हातचा जातो, हे मला या वयात कळायला हवं. पण बोलून गेले होते.

नेमके तेव्हाच गुप्ते काका आत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. साहेबांचा आवाज बाहेर गेला होता आणि दाराशी त्यांनी सगळं ऐकलं होतं. काका म्हणजे दोन शब्दांत काम भागत असेल तर तिसरा न बोलणारा माणूस. उभ्या उभ्याच म्हणाले, "साहेब, माझी बायपास झाली तेव्हा मी किती दिवस घरी होतो आठवतंय?"

"अहो, ते ऑपरेशन होतं काका."

"चांगले चार महिने होतो. तुम्ही हॉस्पिटलात फळं घेऊन आलात आणि म्हणालात, तुमच्या खुर्चीला कोणी हात लावणार नाही. तेव्हा माझं काम कोणी केलं? याच मुलीने. ऑडिटही त्याच काळात झालं." काका थांबले. मग म्हणाले, "आणि माझं तर डोहाळजेवणही केलं नव्हतं तुम्ही."

मला हसू आवरेना. साहेबांनाही शेवटी हसू फुटलं, पण ते लगेच गंभीर झाले. खिडकीतून खाली कॅन्टीनचं दार दिसत होतं. बाया अजून ताटकळत उभ्या होत्या. त्यांनी तिकडे बघितलं.

"मी त्यांना हाकलत होतो, असं म्हणायचंय का तुम्हाला?" त्यांनी मला विचारलं.

"तुमच्या मनात नव्हतं, साहेब. पण झालं तेच."

सावंतांनी शेवटचा प्रयत्न केला. "ऑडिटचं काय मग?"

"मी आहे ना," गुप्ते काका म्हणाले. "ती रजेवर असेपर्यंत मी थांबतो. घरी बसून बायकोच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा बरं. पण साहेब, इन्चार्ज तीच. मी बदली."

माझं काम इथे सोपं झालं. मी काय करायचं ते सांगितलं. शुभांगीला इन्चार्ज करायचं, आजच. काकांना तिच्या रजेपुरती मुदतवाढ. रजेचा अर्ज ती डॉक्टरांना विचारून देईल. तोवर तिला जास्त वेळ उभं राहायला लागेल असं काम नाही आणि मागायला गेल्यावर खुर्ची मिळेल असंही नाही, खुर्ची आधीच हवी. आणि राजीनामा मागायचा फोन इथून पुढे कोणाला जाणार नाही. साहेबांनी ऑर्डर टाइप करायला सांगितली. सावंत स्वतःच ती प्रिंट काढून घेऊन आले. बिचाऱ्यांना तेवढंच करण्यासारखं उरलं होतं.

आम्ही सगळे खाली आलो. साहेबांनी ऑर्डर शुभांगीच्या हातात दिली. तिने ती वाचली, परत वाचली, आणि मग गुप्ते काकांच्या पाया पडायला वाकायला लागली. "अगं ए, वाकू नको!" तीनचार बायका एकदम ओरडल्या.

वहिनी मात्र अजून बाजूलाच उभ्या होत्या. त्यांना साहेबांनी हळू आवाजात सगळं सांगितलं असणार. त्यांचे डोळे भरले होते. "मला खरंच माहीत नव्हतं ग," त्या शुभांगीला म्हणाल्या. "मला वाटायचं, मी तुमचं कौतुक करतेय."

"मला माहितीये वहिनी." शुभांगीने त्यांचा हात धरला. "चला, आता बसते मी. भूक लागलीये मला, आणि याला पण."

ती त्या फुलांच्या खुर्चीत बसली. ओटी भरली, बांगड्या भरल्या. मग बायकांनी नाव घ्यायला लावलं. थोडे आढेवेढे घेऊन तिने घेतलं:

"मास्टर गेजशी काटा जुळवते नीट बघून,
निलेशरावांचं नाव घेते, येते रजा संपवून."

टाळ्या इतक्या वाजल्या की शेजारच्या कंपनीतला वॉचमन बघायला आला. वाटी उचलली तर बर्फी निघाली. मसालेभात मी दोनदा घेतला.

मुलगी झाली. बर्फीचा अंदाज बरोबर आला, असं वहिनी अजून सांगतात. रजा संपत आली तेव्हा एका सकाळी साहेबांचा मला फोन आला. आवाजात जरा लाज होती. "मॅडम, तुम्ही त्या दिवशी बोललात ते डोक्यातून जात नाही. उद्या शुभांगी येतेय. ठाकुर्लीला गाडी पाठवतो तिला आणायला. बरं दिसेल ना?"

"दिसेल की. तिला विचारा."

त्यांनी विचारलं. शुभांगीचं उत्तर त्यांनीच मला नंतर ऐकवलं. ती म्हणाली, "साहेब, मी रिक्षाने येते, ठाकुर्लीहून किती लांब आहे? गाडी पाठवायचीच तर खडवलीला पाठवा. रेश्माला आणायला अजून कोणीच गेलेलं नाहीये."

गाडी खडवलीला गेली. सोबत वहिनीही गेल्या. रेश्माने आधी दार अर्धंच उघडलं म्हणे. परत साडी घेऊन आल्या असं वाटलं तिला. वहिनींनी कामावर परत बोलावलं, तर तिने लगेच हो म्हटलं नाही. घरात बोलून सांगते म्हणाली, आणि बरोबरच होतं ते. तिचा मुलगा आता अंगणवाडीत जातो. थोड्या दिवसांनी ती आली आणि शुभांगीच्या रिकाम्या झालेल्या जुन्या टेबलावर बसली. पहिल्या दिवशी हात जरा अडखळत होता. शुभांगी इन्चार्ज म्हणून शेजारी उभी राहून बघत होती. दुपारपर्यंत रेश्माचे काटे जागच्या जागी बसायला लागले. मी काचेतून बघत होते आणि मला रडू येत होतं. पीएफवाल्या मॅडमला असं शोभत नाही, म्हणून मी फाईल उघडून तोंडासमोर धरली.

कंपनीत डोहाळजेवण अजून होतं. वहिनींची हौस काही कमी झालेली नाही आणि मसालेभातही तसाच आहे. फक्त त्या दिवशी आता मला आवर्जून बोलावतात, कारण मी एक नियम घालून दिला आहे आणि तो पाळला जातो की नाही ते बघायला मी स्वतः जाते. आधी रजेवर सही, मग साडी.