ठोंब्याचा परगावचा घास

सूनबाई लिफ्टची मेकॅनिक. आजवर मोठ्या मिस्त्रीच्या हाताखाली पाने-पकडी देत आली होती, पण या खेपेला कंपनीने तिला एकटीला परगावी पाठवलं. नऊ मजली ऑफिसातली लिफ्ट बंद पडली होती, ती चालू करून द्यायची. एकटीला म्हणायचं आपलं, कारण तिच्या कडेवर नऊ महिन्यांचा ठोंब्या होता आणि ठोंब्याच्या मागे पिशव्या घेतलेले त्याचे आजोबा. ठोंब्याचा बाप गाडी घेऊन लांबच्या फेरीला गेलेला, आजीचे गुडघे प्रवासाला राजी नव्हते, तेव्हा आजोबांनी छाती पुढे काढून सांगितलं, "मी जातो. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या, एक पोर सांभाळायला कितीसं लागतंय?"

"भिंती रडत नाहीत," आजी म्हणाली.

निघताना सुपरवायझरने टोमणा मारलाच. "पोर घेऊन चाललात, म्हणजे अर्ध्यात काम टाकून खाली येणार तुम्ही." सूनबाईने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. पण एकदा का ती तशी खाली आली, की पुन्हा तिला एकटीला कुणी पाठवणार नव्हतं, हे तिला कळत होतं. आजोबांनाही कळत होतं.

राहायची खोली त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, ऑफिसच्या स्वयंपाकघराला लागून. सकाळी सूनबाईने पोराला पाजलं आणि पिशवीतून अर्धा संसार बाहेर काढला. घरचे तांदूळ, घरची डाळ, घरची वाटी, घरचा चमचा.

"मऊ शिजवा, नीट घोटा. मीठ नको, साखर नको. कुणी मध चाटवायला आलं तर सरळ हात धरा. आणि बाबा, दुपारपर्यंत त्याने नाहीच खाल्लं तर मला फोन करा. मला बरं वाटावं म्हणून लपवू नका."

"तू वर जा गं. खाली मी आहे ना."

आणि त्यांचं तरी काय चुकलं? घरी रोज दुपारी तेच तर भरवायचे. पोराने पहिला घास खाल्ला तेव्हापासून.

पण आज ठोंब्याने ओठ मिटले ते मिटलेच. चिऊचा घास झाला, काऊचा घास झाला, आणि चिऊ-काऊ जेवून उडाले तरी हा आपला बसलेला. भात घट्ट झाला म्हणून आजोबांनी पाणी घातलं. मग पातळ झाला म्हणून पुन्हा आटवला. रंगाला इतकं जपून कधी ढवळलं नसेल. स्वयंपाकघरातल्या बाईंनी गाजर उकडून दिलं, ते ठोंब्याने थुंकून टाकलं. केळं कुस्करलं, ते आजोबांच्या कानात गेलं. चमचा जवळ आला की पोर मान मागे टाकायचं, डोळे एवढे मोठे करायचं आणि खालचा ओठ बाहेर काढायचं.

"दात येत असतील," बाई म्हणाल्या.

"दोन आलेत की."

"मग पाणी बदललं म्हणून असेल."

"पाणी उकळून घेतलंय."

"मग हट्टी असेल. घरात कुणावर गेलाय?"

आजोबांनी पुन्हा चमचा भरला. दुपार झाली. ठोंब्या आता भुकेने चिरचिर करायला लागला. वर सूनबाई कमरेला पट्टा बांधून लिफ्टच्या त्या उभ्या खोल खड्ड्यात काम करत असेल. आजोबांनी फोन काढला, परत खिशात ठेवला, परत काढला. तिचं काम जाईल याचं वाईट वाटत होतं, पण पोर उपाशी ठेवून ते राखायचं हे त्यांना जमणारं नव्हतं. शेवटी नंबर दिसावा म्हणून ते चष्मा पुसायला लागले.

"आजोबा, हा तुमचाच नातू ना?" बाईंनी दारातून विचारलं.

"नाहीतर काय, भाड्याने आणलाय?"

"तसं नाही हो. पण तो घासाकडे बघतच नाहीये. मघापासून तुमच्या तोंडाकडे बघतोय. परका माणूस घरात शिरल्यासारखा."

आजोबांचा हात वरच्या ओठावर गेला आणि तिथेच राहिला.

आता एक गोष्ट सांगायची राहूनच गेली. आजोबांना झुपकेदार मिशी होती. कंपनीच्या खोलीत राहायचं, चार साहेब भेटतील, म्हणून निघायच्या दिवशी ते न्हाव्याकडे गेले आणि ती पार उडवून आले. आजी म्हणालीही, "सोललेल्या बटाट्यासारखे दिसताय." घरी ठोंब्या जेवायचा तो एका मुठीत ती मिशी धरूनच. कालच्या बसमध्येही आजोबा जवळ आले की भोकाड पसरत होता, पण सगळ्यांना वाटलं, बस लागली.

"मिशी काढली मी," आजोबा हळूच म्हणाले.

बाईंनी पदर तोंडाला लावला. "मग आता काय, कुंच्याचे केस चिकटवता का?"

कुंचा म्हटल्यावर आजोबांना सुचलं. भिंत खरवडताना धूळ जाऊ नये म्हणून ते नाकातोंडावर फडकं बांधायचे, आणि अजूनही कधीमधी एखादं काम करून आले की तसेच दारातून ठोंब्याला हाक मारायचे. त्यांनी पिशवीतला धुतलेला पंचा काढला, डोळ्यांखालून बांधला आणि हाक मारली, "काय रे ठोंब्या, जेवलास का?"

ठोंब्याची चिरचिर थांबली. डोळे ओळखीचे, आवाज ओळखीचा. त्याने पुढे वाकून पंच्याचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि तोंड उघडलं.

अर्धी वाटी संपली तेव्हा बाहेर काहीतरी घरघरलं, थांबलं, दरवाजा सरकला. सूनबाई दारात आली. हात कोपरापर्यंत काळे.

"फोन नाही आला म्हणून म्हटलं बघावं... बाबा, तोंडाला काय बांधलंय?"

"आत येऊ नकोस," आजोबा फडक्याआडून म्हणाले. "तू दिसलीस की हा सगळं टाकून तुझ्याकडे धावेल."

"अहो, माझं पोर आहे ते."

"असू दे. तू काम सोडून आलीस का?"

"नाही. लिफ्टनेच आले. चालू झाली."

"चांगलं झालं. मग अजून एकदा वर जाऊन ये. चारच घास राहिलेत."

सूनबाईने दाराआडून एक डोळा लावून पोराचं चावणारं तोंड बघून घेतलं, आणि खरंच वर गेली.