पाच किलोच्या आत

नगरपालिकेच्या अग्निशमन विभागात, जिन्याखालच्या खोलीत एक साहेब बसतात. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी एकदा घेतलं जातं, तेवढंच. एरवी सगळं गाव त्यांना वाळूसाहेब म्हणतं. कारण फटाक्यांच्या कुठल्याही दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला की त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न ठरलेला, "वाळूची बादली कुठंय?" नमस्कार नाही, कसं काय नाही. बादली दाखवली की तिच्यात कोपरापर्यंत हात घालून बघायचं, वाळू कोरडी आहे का, खाली दगड भरून वरून नुसती पसरलेली तर नाही ना. एकाने तशी पसरली होती. साहेबांनी भर गिऱ्हाइकांत ती बादली फरशीवर उपडी केली आणि दुकान तिथल्या तिथे बंद करून टाकलं. अशा माणसाला चहाला कोण बोलावणार, सांगा बरं!

आता फटाक्यांचे नियम म्हणाल, तर ते सगळ्या गावाने मिळून ठरवलेत आणि सगळ्या गावाने मिळून धाब्यावर बसवलेत. दोन दुकानांमध्ये मोकळी जागा हवी. दुकानावर राहतं घर नको. लहान मूल एकटं आलं तर त्याला विकायचं नाही. रात्री दहानंतर वात पेटवायची नाही. घरच्या अंगणात उडवायला पाच किलोपर्यंत फटाके नेले तर कुणी विचारणार नाही. पाच किलोच्या वर गेलात की परवानगी काढायची, आणि पहिली वात पेटल्यापासून शेवटची विझेपर्यंत विभागाचा माणूस तिथे हजर पाहिजे. विभागाचा माणूस म्हणजे वाळूसाहेबच, कारण या कामाला दुसरा माणूस कधी मिळालाच नाही. म्हणून लोक साडेचार किलो नेतात, शेजाऱ्याला साडेचार न्यायला लावतात आणि दोघं मिळून एकाच अंगणात उडवतात. घरच्या आनंदात वाळूसाहेब उभा करून घ्यायची हौस कुणाला असणार?

हंगामाच्या आधी प्रत्येक दुकानातला नमुना तपासावा लागतो. बस डेपोच्या मागे मोकळं मैदान आहे, तिथे साहेब भर दुपारी जातात, कारण तेव्हा आसपास माणूस नसतं. कानात कापसाचे बोळे घालायचे, आवाज मोजायचं यंत्र तिवईवर ठेवायचं, वात पेटवायची आणि मागे सरायचं. उन्हात भुईनळा लावला तर काय दिसणार, कपाळ? नुसता धूर. बाण वर जातो आणि पांढऱ्या आभाळात कुठे फुटला तेही कळत नाही. गावात सगळ्यात जास्त फटाके या माणसाने लावले असतील, आणि एकालाही कधी टाळी मिळाली नाही. पूर्वी बायको डबा घेऊन यायची, लांब झाडाखाली बसून ओरडायची, "अहो, पुरे झालं, या जेवायला!" बोळ्यांमुळे त्यांना ऐकू यायचं नाही, मग ती पदर हलवायची. आता डबा तेच भरतात आणि यंत्राशेजारी उकिडवं बसून तेच खातात.

हा माणूस पहिल्यापासून असा एकलकोंडा होता का? छे! घोडं अडलं ते एकुलत्या एका लेकीच्या लग्नात. जेवणं उरकली होती, व्याही मंडळी खुशीत होती, त्यांनी हॉलच्या अंगणात बाण लावायला घेतले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून गेलेले, आणि भिंतीला लागून दवाखाना. दुसरा कुणी बाप असता तर त्याने घड्याळ हळूच बाहीत सरकवलं असतं. हे गेले, पेटती वात वाळू टाकून विझवली आणि खुद्द नवऱ्यामुलाच्या वडिलांच्या नावाने, सगळ्या पाहुण्यांसमोर, दंडाची पावती फाडली. लेक दारात नटूनथटून उभी होती. अरे देवा! नियम बरोबर, वेळ बरोबर, दवाखान्यातली माणसं सुखाने झोपली तेही बरोबर, आणि तरी सगळं बोंबललं.

व्याह्यांनी दंड भरला आणि सांगून टाकलं, "त्या माणसाचं पाऊल माझ्या उंबऱ्यात नको." एक घाव दोन तुकडे. बायको होती तोवर तीच पुलापलीकडे लेकीकडे जाऊन यायची आणि चपला काढता काढता बातम्या द्यायची. नात झाली, नातीला दात आले, नात आता धरून उभी राहते. साहेब तोंडाने काही विचारायचे नाहीत, पण ती यायच्या वेळेला नेमके दारापाशीच काहीतरी ठोकाठोकीचं काम काढून बसायचे. मग बायकोही गेली. लेक येऊन राहिली, घर आवरून परत गेली. त्यानंतर मधूनअधून फोन यायचा. "जेवलात का?" "जेवलो." "तब्येत?" "बरी आहे." मागे कुठेतरी नातीची बडबड ऐकू यायची आणि तेवढ्यात फोन ठेवला जायचा.

एकटेपणाची सवय होते म्हणतात. काही होत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर साहेब अजूनही कुलूप काढायच्या आधी दाराची कडी वाजवतात. आत कुणी नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? तरी हात जातो. मग स्वतःवरच चिडून कुलूप काढतात.

तर एके सकाळी शिपाईबाई आत डोकावून म्हणाली, "साहेब, परवानगीसाठी एक ताई आल्यात. मघापासून बाकावर बसून आहेत." आणि मागून लेकच आत आली. साहेब खुर्चीतून उठले, परत बसले, परत उठले. बस म्हणावं, पाणी मागवावं, किती वाळलीस म्हणावं, डोक्यात सगळी गर्दी झाली आणि तोंडातून निघालं काय तर, "कशासाठी?"

"मुलीचा वाढदिवस आहे रविवारी," लेक म्हणाली. "संध्याकाळी अंगणात फटाके उडवायचेत. परवानगी हवी होती."

"किती?"

"सहा किलो." मग ती घाईघाईने म्हणाली, "सासऱ्यांना सांगितलंय मी, या वेळी सगळं नियमाने करायचं. विभागाचा माणूस यायचा असेल तर येऊ दे. ते हो म्हणालेत."

साहेबांचा ऊर भरून आला. गाव नियमाला वाकुल्या दाखवतं आणि आपली लेक आपल्या पायांनी परवानगी काढायला येते! पण लगेच त्यांना लग्नातलं ते अंगण आठवलं. व्याह्यांसमोर आपण पुन्हा उभं राहायचं, आणि खाली मान कुणाला घालावी लागणार? हिलाच. नको रे बाबा. ते टेबलावरून पुढे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, एक किलो कमी कर की. पाच किलोच्या आत आलीस की परवानगीच लागत नाही. कुणाची कटकट नको."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे कुणी येणार नाही?"

"कुणी नाही."

"तुम्हीसुद्धा?"

"मी कशाला येतोय? पाचाच्या आत विभागाचा संबंधच नाही."

"आणि सहाच किलो आणायचे म्हटलं तर?"

"उगीच एका किलोसाठी माझी ब्याद अंगणात उभी करून घेशील? वेडी का काय!"

लेकीने पर्स उचलली. "बरं. येते मी," एवढं म्हणून ती निघून गेली. साहेब मात्र खूश. जन्मात पहिल्यांदा आपण कुणाला पळवाट दाखवली, तीही पोटच्या पोरीला, याचा काय तो आनंद! त्यांनी आपणहून शिपाईबाईला चहा सांगितला, स्वतःचा आणि तिचाही. तीही चाट पडली.

चहा घेता घेता शिपाईबाई म्हणाली, "ताई तुमच्याच ना? बोलायला गोड आहेत. तुमची नात भारी भित्री म्हणे. कुकरची शिट्टी झाली तरी पलंगाखाली जाऊन बसते."

"तुला कोण म्हणालं?"

"त्याच की, बाकावर बसल्या होत्या तेव्हा. मी म्हटलं, मग सहा किलो फटाके कशाला हो? तर नुसत्या हसल्या. म्हणाल्या, पाच किलोत माझं काम होत नाही. आणि दोनदा विचारलं मला, हजर राहायला हेच साहेब येतात का दुसरं कुणी? मी म्हटलं, दुसरं आहे कोण?"

साहेबांचा कप ओठांपाशीच राहिला. आता लख्ख दिसलं सगळं. सासऱ्याने बापाला बंदी घातली होती, विभागाला नव्हती घातली. पोरीने बरोब्बर तेवढी फट शोधली होती, त्यांचीच लेक ना ती! बापाला नातीच्या वाढदिवसाला न्यायला ती चालत आली होती, आणि या शहाण्याने तिला सूट दिली. कपाळावर हात मारून घ्यावा तर समोर शिपाईबाई. ती कप उचलून निघून गेली. सगळ्या गावाला आडवे गेलो आणि ज्या एका घरी नियमच आपल्याला हात धरून नेणार होता, तिथे नियम सोडला, हे मनात आलं आणि त्यांना त्या खोलीत बसवेना.

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. फोन हातात घ्यायचा, नंबर काढायचा, परत खिशात टाकायचा. काय सांगणार? मला बोलाव? ती बोलावू शकत नाही, म्हणून तर एवढा खटाटोप तिने केला. रविवारी दुपारी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि घरातल्या घरात नुसतेच बसून राहिले. शेवटी लावला फोन.

"बाबा?" लेक घाबरलीच, कारण यांचा फोन कधी जातच नसे. "बरे आहात ना?"

"बरा आहे. ते तुझ्या फटाक्यांचं सांगायचं होतं. पाच किलोच्या आत असले तरी विभागाचा माणूस हजर लागतो."

"असं कसं? तुम्हीच तर म्हणालात, लागत नाही."

"नियम बदललाय."

"कधी?"

"आत्ताच."

खोटं बोलायची सवय नसली की असं होतं. साहेबांच्या कानामागून घाम निघाला.  लेक हळूच म्हणाली, "पण बाबा, मी फटाके आणलेच नाहीत. पोर घाबरते. तुमच्याकडून निघाले आणि सरळ घरी आले. मग कशाला आणायचे?"

 संपलं. पाच नाही, सहा नाही, काहीच नाही, आता कुठल्या तोंडाने जायचं? समोर बायकोची रिकामी खुर्ची, त्यांचा तो इस्त्रीचा शर्ट, आणि संध्याकाळ अजून अख्खी पडलेली. ठेवतो म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेले, "मग तर यावंच लागतं."

"का?"

"फटाके नाहीत, हे कुणीतरी तपासायला नको?"

पलीकडून आवाज आला तो हसण्याचा होता की रडण्याचा, हे त्यांना कळलं नाही. मग कुणीतरी दुरून विचारलं, "कोण आहे गं?" तो व्याह्यांचा आवाज होता. लेक म्हणाली, "अग्निशमनवाले आहेत. फटाके नाहीत ना, ते बघायला यायचं म्हणताहेत."  त्या विभागात दुसरा माणूस नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे, म्हणजे व्याह्यांनाही असणारच. "काय एकेक ताप आहे!" ते म्हणाले. "येऊ दे. बघून जाऊ दे काय बघायचं ते."

लेकीने फोन पुन्हा कानाला लावला. नाक ओढल्याचा आवाज आला.

"या," ती म्हणाली. "आणि बाबा, घाई करू नका हं. घर मोठं आहे आमचं, तपासायला वेळ लागेल."