वारा पडण्याआधी छतावर नाही

मंडळी, मी इथे फारसा लिहीत नाही. आज लिहितोय.

कुवेतमध्ये धुळीच्या वादळानंतर घरांच्या छतावरची, अंगणातली वाळू काढायचा आमचा धंदा आहे. दादाने उभा केलेला. एकाच गल्लीतली घरं वर्षभराच्या करारावर घ्यायची, म्हणजे गाडी एकदाच लावून सगळी होतात. नफा त्यातच आहे. एक घर गेलं की शेजारचीही जातात.

या उन्हाळ्यात दादा ऐन वाऱ्यात एका छतावर चढला आणि पडला. तो वाचला नाही.

आज पुन्हा तसंच वादळ. अर्दिया भागातल्या आमच्या कराराच्या गल्लीच्या तोंडाशी गाडीत थांबलो होतो. कोपऱ्यावरच्या घराच्या मालकीणबाईंचा, फहदच्या आईचा फोन आला.

"संध्याकाळी दिवाणियाच्या बैठकीला पाहुणे येणार. छत आत्ता साफ करा."

"वारा पडू दे, खाला. लगेच चढतो."

"तुझ्या भावाने मला कधी नकार दिला नाही."

"म्हणूनच तो आज नाही," मी म्हणालो.

फोन बंद झाला.

आमचे जुने कामगार, रत्नागिरीचे सलीमभाई शेजारी होते. "गल्ली गेली रे," ते म्हणाले. "पण बरा केलास."

थोड्या वेळाने दुसऱ्याच कुणाची माणसं त्या छतावर चढली. धुळीत नुसते आकार दिसत होते. कुणी पडलं तर जवळ कुणी हवं, म्हणून मी सलीमभाईंना गाडी काढू दिली नाही. ती माणसं खाली उतरेपर्यंत आम्ही बसून राहिलो.

उद्या बाकीच्या घरांचे फोन येतील. माझं उत्तर तेच असेल: वारा पडण्याआधी छतावर नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?